उणे चाळीस आणि एक्केचाळीस टक्के

[दृश्य : फेअरबँक्स, अलास्का. बर्फात उभी असलेली तापमानाची पाटी.]

फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या दारात ही इलेक्ट्रॉनिक पाटी आहे. पारा उणे चाळिसाला टेकला की विद्यार्थी पोहण्याच्या कपड्यांत बाहेर येतात, पाटीपाशी उभं राहून फोटो काढतात आणि धूम ठोकतात. फॅरनहाइट की सेल्सिअस, हा प्रश्नच इथे येत नाही. उणे चाळिसावर दोन्ही एकच.

या टेकडीवर ४ जुलै १९१५ रोजी कोनशिला बसली. तेव्हा विद्यापीठाला ना कायदा होता, ना पैसा. १९२२ मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा विद्यार्थी होते सहा. आज अलास्का विद्यापीठाची तीन मुख्य केंद्रं आहेत : फेअरबँक्स, अँकरेज आणि राजधानी जुनोमधलं आग्नेय अलास्का. अंतराळसंशोधनाची रॉकेट्स सोडणारं स्वतःचं तळही या विद्यापीठाकडे आहे.

[दृश्य : तेलाची पाइपलाइन.]

आता पैशाकडे वळू. अलास्कात वैयक्तिक आयकर नाही, १९८० साली तो रद्द झाला. राज्यव्यापी विक्रीकरही नाही. मग सरकार चालतं कशावर? तेलावर. १९७६ मध्ये घटनादुरुस्ती करून तेलाच्या उत्पन्नातला काही वाटा एका कायम निधीत टाकायचं ठरलं, आणि १९८२ पासून त्या निधीच्या नफ्यातून प्रत्येक रहिवाशाला वर्षाला लाभांश मिळू लागला. पहिल्या वर्षी हजार डॉलर. म्हाताऱ्यालाही तेवढेच, पाळण्यातल्या पोरालाही तेवढेच.

२०१४ मध्ये तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली गेलं. तिजोरीत खड्डा पडला. कर लावायची कुणाची छाती नव्हती. तेव्हाच्या गव्हर्नरांनी लाभांश निम्म्यावर आणला, आणि २०१८ च्या निवडणुकीत माइक डनलीव्ही यांनी नेमका तोच मुद्दा उचलला : लाभांश पुरता देऊ, म्हणजे माणशी सुमारे तीन हजार डॉलर. थेट खात्यात येणारी रक्कम आणि मतपेटी यांचं नातं मराठी प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगायला नको. डनलीव्ही निवडून आले. (गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. हा लोकांनी निवडून दिलेला, थेट कारभार बघणारा माणूस.)

२८ जून २०१९, शुक्रवार. नवं आर्थिक वर्ष सुरू व्हायला तीन दिवस उरले होते. अलास्काच्या गव्हर्नरला अर्थसंकल्पातल्या एकेका रकमेवर काट मारता येते. डनलीव्ही यांनी एकूण ४४ कोटी ४० लाख डॉलरवर काट मारली. त्यातले १३ कोटी एकट्या विद्यापीठाचे. विधिमंडळाने आधीच ५० लाख कापले होते. दोन्ही मिळून, राज्याकडून येणाऱ्या रुपयातले एक्केचाळीस पैसे गेले.

सरकारी बाजूचं म्हणणं होतं, आकडा फुगवून सांगताय. विद्यापीठाचं एकूण बजेट धरलं तर कपात सतरा टक्क्यांच्या आसपास आहे.

इथे थोडं थांबू, कारण हा युक्तिवाद जगात सगळीकडे होतो आणि ऐकायला बिनतोड वाटतो. विद्यापीठाच्या एकूण बजेटमध्ये संशोधनासाठी आलेला केंद्राचा पैसा असतो. तो ज्या प्रकल्पासाठी आला, त्यावरच खर्च करायचा. ठिबकच्या अनुदानातून बैल घेता येत नाही, तसाच हिमनद्यांच्या अभ्यासाच्या पैशातून इंग्रजीच्या प्राध्यापकाचा पगार होत नाही. पगार, इमारती गरम ठेवणं, ग्रंथालय, छपरावरचा बर्फ काढणं, हे सगळं राज्याच्या पैशावर आणि फीवर चालतं. शिवाय राज्याच्या पैशावर उभा असलेला प्राध्यापक आणि चालू प्रयोगशाळा असते, म्हणूनच बाहेरचा संशोधननिधी येतो. प्राध्यापक गेला की निधीही त्याच्यामागून जातो. सतरा टक्के हा आकडा खोटा नव्हता. फक्त ज्या खिशाला भोक पडलं होतं, त्या खिशाचा तो नव्हता.

[दृश्य : जुनो. रिकाम्या खुर्च्या.]

गव्हर्नरांची काट रद्द करायची तर विधिमंडळातली साठपैकी पंचेचाळीस मतं लागतात. आणि त्या जुलैत आमदार एका छताखालीही नव्हते. गव्हर्नरांनी विशेष अधिवेशन बोलावलं होतं वासिलात, आपल्या बालेकिल्ल्यात, एका शाळेच्या व्यायामशाळेत. बहुसंख्य आमदार जुनोलाच थांबले. जुनोला बाहेरून जाणारा रस्ता नाही, विमान किंवा बोट एवढाच मार्ग. १० जुलैला मतदान झालं : ३७ विरुद्ध १. आकडा दणदणीत, पण ठराव पडला. आठ मतं व्यायामशाळेच्या बाजूला राहिली.

त्याच दिवसांत हजारो विद्यार्थ्यांना ईमेल गेले की तुमच्या शिष्यवृत्तीसाठी सध्या पैसे उपलब्ध नाहीत. त्या निधीची खाती हिशेबाच्या एका तरतुदीमुळे राखीव कोशात ओढली गेली होती, आणि ती सोडवायलाही तेवढंच मोठं बहुमत लागत होतं. पैसे पुढे मिळाले. पण जुलैमधला तो ईमेल वाचून एखाद्या मुलीने दुसऱ्या राज्यात प्रवेश घेतला असेल, तर तिला ऑगस्टमधल्या बातमीचा काय उपयोग?

पतमानांकन संस्थेने विद्यापीठाचा दर्जा एका फटक्यात तीन पायऱ्या खाली आणला. २२ जुलैला विश्वस्तांनी दहा विरुद्ध एक मतांनी आर्थिक आणीबाणी जाहीर केली. म्हणजे कायम नेमणुकीच्या प्राध्यापकांनाही कमी मुदतीची नोटीस देऊन घरी पाठवायची मुभा.

मग गव्हर्नरांना मुदतीआधीच पदावरून हटवण्यासाठी सह्यांची मोहीम सुरू झाली, आणि १३ ऑगस्टला समझोता झाला. एका वर्षात १३ कोटींऐवजी तीन वर्षांत मिळून ७ कोटी, पहिल्या वर्षी अडीच. आठवड्याभरात आणीबाणी उठली. वर्तमानपत्रांनी याला दिलासा म्हटलं. आधी डोक्यावर कुऱ्हाड धरायची आणि मग नुसता हात तोडायचा, याला दिलासा म्हणतात हे मला तेव्हा नव्याने कळलं.

त्या वर्षीचा लाभांश खात्यात आला : १,६०६ डॉलर. तीन हजार काही झाले नाहीत.

[दृश्य : अँकरेज. रिकामा रंगमंच, एक दिवा चालू.]

जून २०२० मध्ये विश्वस्तांनी बंद करायच्या अभ्यासक्रमांच्या यादीवर मतदान केलं. त्यात अँकरेजची समाजशास्त्राची पदवी होती, नाट्यशास्त्राचीही होती. आधीपासून शिकत असलेल्यांना शिक्षण पूर्ण करता येईल, असं ठरलं. नवे प्रवेश बंद.