ठिपक्याची जात ओळखताना

नमस्कार श्रोतेहो.

2023 सालचा मे महिना संपत आला होता. वळीव पडून गेलेला, आभाळ धुऊन काढल्यासारखं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, गावच्या दिव्यांपासून लांब एका शेतात आम्ही चौघांनी आठ इंची दुर्बीण सप्तर्षींच्या शेपटाकडे वळवली. एम-101 नावाची दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा दूरचा समूह, तिथं धुरकट डागासारखी दिसते. त्या रात्री डागाच्या कडेला सुईच्या टोकाएवढा एक ठिपका होता. जपानच्या कोइची इतागाकी यांना तो 19 मे रोजी पहिल्यांदा दिसला होता. त्याचा उजेड तिथून निघाला त्याला 2 कोटी वर्षं झाली होती.

शेताचे मालक, आमचे काका, बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "नुसता ठिपका हाय की हो. तारा फुटला हे कळलं कसं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत पालोमारला झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी हा प्रकल्प आभाळाचे फोटो काढून सतत असे नवे ठिपके शोधत असतो. तो उभारण्यात खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा मोठा वाटा. जन्म कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत, म्हणजे आपल्याच टापूतले. 2024 मध्ये त्यांना शॉ पारितोषिक मिळालं. पण फोटोत सगळे ठिपके सारखेच. तो वाटेनं जाणारा लघुग्रह असेल, आपल्याच आकाशगंगेतला भडकलेला तारा असेल, दूरच्या कृष्णविवरानं गिळलेला एखादा तारा असेल, नाहीतर खराखुरा सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा. रस्त्यावरून पाहिलं तर सगळी भातं हिरवीच असतात. जात सांगायची तर बांधावरून आत उतरून लोंबी हातात घ्यावी लागते.

ताऱ्याची लोंबी म्हणजे त्याचा वर्णपट. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाची चिमूट टाकून पाहा, ज्योत पिवळीधमक होते. तो मिठातला सोडियम. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग असे ठरलेले आहेत. दुर्बिणीतला उजेड बारीक फटीतून नेऊन रंगारंगांत पसरला, की कुठल्या रेषा उजळ आणि कुठल्या काळ्या हे वाचता येतं.

खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी 1941 मध्ये याच वाचनावरून सुपरनोव्हांचे दोन गट पाडले. हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर दुसरा प्रकार, नाहीतर पहिला. पुढं पहिल्याचेही तीन झाले. सिलिकॉनची ठळक खाच दिसली तर 'वन-ए', हेलियम दिसलं तर 'वन-बी', दोन्ही नसलं तर 'वन-सी'. सिलिकॉनची ती रेषा खरी 6355 अँगस्ट्रॉमची; अँगस्ट्रॉम हे उजेडाच्या तरंगलांबीचं माप. वन-एमध्ये ती 6150 च्या आसपास, निळ्याकडे सरकलेली सापडते. आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा उजेड निळ्याकडे सरकतो, म्हणून एवढ्या सरकण्यावरून कळतं की तो वायू सेकंदाला सुमारे 10 हजार किलोमीटर वेगानं आपल्या दिशेनं उधळतोय. मला तर ही गोष्ट दर वेळी थक्क करते. वन-ए म्हणजे श्वेत बटू ताऱ्याचा, इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याचा स्फोट. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, हे 1998 मध्ये अशाच स्फोटांवरून कळलं आणि 2011 चं नोबेल त्या कामाला मिळालं.

आमच्या ठिपक्याचा वर्णपट शोध लागल्यावर काही तासांतच घेतला गेला. हायड्रोजन होता, म्हणजे दुसरा प्रकार: अजस्र ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला स्फोट. सुरुवातीच्या काही दिवसांत बारीक उजळ रेषाही दिसल्या आणि लवकरच विरल्या. मरण्याआधी ताऱ्यानं अंगावरचा वायू भोवती फेकला होता, स्फोटानं तो उजळला आणि मग गिळून टाकला. पहिले काही दिवस चुकले असते, तर ही खूण कायमची हरवली असती. म्हणून इतकी घाई.

लडाखमध्ये हानले इथं साडेचार हजार मीटर उंचीवर आपली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. तिनंही या ताऱ्याचे वर्णपट घेतले. ती चालवतात कुठून? बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहाच्या जोडणीवर. जांबोटीला, कणकुंबीला पावसानं आभाळ मिटतं, तेव्हाही आपल्या राज्यातल्या एका खोलीत कुणीतरी हानलेचं आभाळ वाचत बसलेलं असतं.

थंडीत काकांना मी मृगाजवळचा तांबूस तारा दाखवला. एम-101 मध्ये फुटला तोही असाच तांबडा महाराक्षसी तारा होता आणि याचाही शेवट तसाच व्हायचा आहे, म्हटलं. नाव विचारलं त्यांनी. आर्द्रा, मी सांगितलं.

"पावसाची आर्द्रा?"

"तीच. पावसात सूर्य तिच्याजवळ असतो, म्हणून दिसत नाही."

जन्मभर तिच्या पावसावर शेती केलेला तो माणूस, पहिल्यांदाच तिच्याकडे पाहत, थंडीत कितीतरी वेळ उभा होता.