टूल बदला, उंची तीच

(दृश्य : कर्वेनगर, संध्याकाळ. रो-हाउसच्या गॅरेजमधून स्कूटर बाहेर निघते. मागच्या भिंतीशी, जाड लाकडी टेबलावर, एक छोटं लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन.)

निवेदन :

भोसरीच्या शेडमधला टर्नर या लेथला खेळणं म्हणेल. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फार तर अडीचशे मिलीमीटर व्यासाचा फिरतो, मोटर सिंगल फेजवर चालते आणि पूर्ण मशीन टेबलावर मावतं. मालकीण दिवसा हिंजवडीत संगणकासमोर बसते. संध्याकाळी इथे वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेल्स बनतात. चालणारी, खरी वाफ पिणारी. अशा मॉडेलमधले दोन भाग सहसा सारखे नसतात, आणि आजच्या गोष्टीत हेच महत्त्वाचं आहे.

शेजारचे काका पिंपरीच्या कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाले, पण लेथचा आवाज आला की फाटकाशी हजर.

(दृश्य : जुना चौकोनी टूल पोस्ट, जवळून. टुलाखाली पत्र्याच्या पट्ट्या.)

लेथबरोबर आलेला टूल पोस्ट, म्हणजे कापणारी टुलं धरणारा ठोकळा, असा. चार बाजूंना चार टुलं, वरून आवळायचे बोल्ट. टुलाचं टोक जॉबच्या बरोबर मध्यावर यायला हवं, म्हणून खाली पॅकिंग : हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, पत्रा, आणि अगदी केसभर कमी पडलं तर सिगारेटच्या पाकिटातला कागद. टुलाला धार लावली की टोक थोडं खाली जातं. मग पुन्हा बोल्ट सैल, पुन्हा पट्ट्या, पुन्हा आवळणं.

उंचीचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, टूल मध्यापेक्षा अर्धा मिलीमीटर खाली असेल, तर जॉबच्या मधोमध एक मिलीमीटर व्यासाचा खुंट उरतो. टूल वर असेल तर त्याची धार कापण्याऐवजी पोट घासतं, जॉब तापतो, पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो. पार्टिंग करताना, म्हणजे जॉब कापून वेगळा करताना, टूल खाली राहिलं, तर जॉब त्यावर चढू पाहतो. मोठ्या मशीनवर यातलं काही खपून जातं. छोट्या मशीनमध्ये ती ताकदच नसते.

(दृश्य : नवा क्विक चेंज टूल पोस्ट. हँडल फिरतं, होल्डर वर सरकून निघतो, दुसरा बसतो.)

क्विक चेंज टूल पोस्टची कल्पना साधी आहे. मधला ठोकळा जागेवर राहतो. त्याच्या बाजूला डोव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांचा जोड, आहे; त्यावर टूल धरणारा होल्डर वरून सरकतो. होल्डरला स्वतःचा एक स्क्रू आणि त्यावर गोल नट. तो नट ठोकळ्याच्या माथ्यावर टेकतो आणि होल्डर तेवढ्याच उंचीवर थांबतो. उंची एकदा लावली की टूल शंभर वेळा काढा, शंभर वेळा घाला, टोक त्याच जागी येणार. पॅकिंगचं काम तो एक नट करतो.

हँडल फिरवल्यावर आत काय होतं, त्याचे दोन प्रकार. स्वस्त पोस्टमध्ये एक पिस्टन बाहेर येऊन होल्डरला ढकलतो. महागात वेज असते, म्हणजे पाचर. ती होल्डरला डोव्हटेलवर ओढून बसवते. पाचरेची पकड जास्त विश्वासाची. अमेरिकेत ॲलोरिस, ब्रिटनमध्ये डिक्सन ही क्विक चेंज पोस्टमधली जुनी नावं. स्वित्झर्लंडच्या मल्टिफिक्समध्ये तर डोव्हटेलच नाही. गोल ठोकळ्यावर सभोवार दाते, आणि होल्डर ४० वेगवेगळ्या कोनांत बसतो, दर ९ अंशांना एक. देखणी वस्तू. किंमत ऐकल्यावर मात्र आपण पुन्हा चिनी पिस्टनकडे वळतो. इथे घेतला आहे तो पाचरेचा, मधल्या किमतीचा.

(दृश्य : काका तारेने बांधलेली एक पुडी उघडतात. आत टूल आणि त्याच्याच मापाच्या पट्ट्या.)

काकांना हे सगळं पटलेलं नाही.

काका : "अगं, प्रत्येक टुलाचं पॅकिंग त्याच्याशीच बांधून ठेवायचो आम्ही. पुडी सोडली, टूल लावलं, झालं. आणि पाचशे नगांचा लॉट असेल तर चार टुलं एकदा सेट करायची. नुसता पोस्ट फिरवायचा. तुझा हा डबा काढ-घाल करेपर्यंत माझा नग तयार."

त्यांचं म्हणणं खरं आहे. एकच जॉब पुन्हा पुन्हा काढायचा असेल, तर चार टुलांचा जुना पोस्टच वेगवान. पण इथे आज पितळी पिस्टन, उद्या एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, दांडा, परवा बिडाचं फ्लायव्हील. पाचशे नग इथे कधीच होणार नाहीत. क्विक चेंज लागतो तो अशा हाताला.

(दृश्य : टेलस्टॉकमध्ये सेंटर. स्टीलची पट्टी कंपाउंड स्लाइडवर उभी.)

विकत घेण्याआधी एक माप घ्यावं लागतं, आणि बहुतेक लोक तेच विसरतात. कंपाउंड स्लाइडच्या माथ्यापासून (टूल पोस्ट त्यावरच बसतो) सेंटरच्या टोकापर्यंत (ते जॉबच्या मध्याच्या उंचीवर असतं) उंची किती? या मशीनवर ती २६ मिलीमीटर आहे. होल्डर अगदी खाली, स्लाइडला टेकवला, तर त्याच्या तळाची जाडी ९. त्यावर १२ चं टूल ठेवलं की टोक २१ वर. वर उचलायला पाच मिलीमीटर शिल्लक, उत्तम. पण कुणी स्वस्तात मिळतात म्हणून २० ची टुलं आणली, तर टोक २९ वर जाणार. नट कितीही फिरवा, ते खाली येणार नाही. मग टुलाचं बूड कापा, नाहीतर परत करा.

(दृश्य : स्लाइडमधला टी स्लॉट, म्हणजे उलट्या टी आकाराची खाच. व्हर्नियरने खोली, रुंदी, ओठाची जाडी मोजली जाते.)

आता खरं काम. पोस्टसोबत एक स्टड, म्हणजे आटे असलेला दांडा, येतो आणि खाली बसवायचा चौकोनी लोखंडी ठोकळा. तो मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, कारण प्रत्येक लेथचा टी स्लॉट वेगळा. त्याचा टी नट आपणच करायचा. काकांनी तो ठोकळा कानशीने एकदा घासून पाहिला आणि बाजूला ठेवला. कसलं लोखंड आहे, कळेना. त्याऐवजी भोसरीहून ईएन-८ पोलादाचा कटपीस आला. आटे पाडायचा टॅप बोहरी आळीतून. त्याआधी स्टडला पिच गेज लावून पाहिला, कारण काही पोस्टचे स्टड मिलीमीटरचे दिसतात आणि आटे निघतात इंची.

मिलिंग मशीन नाही. जुना टूल पोस्ट मात्र अजून जागेवर आहे. नव्याचा नट तोच करून देणार. तुकडा डॉग चकात, म्हणजे चार सुट्या जबड्यांच्या चकात, धरायचा, एकेक बाजू फेस करत मापात आणायची. मग मध्ये ड्रिल, टॅप, आणि त्याच पकडीत स्लॉटच्या तोंडात बसणारी मान टर्न करायची. मान चौकोनीच हवी असं काही नाही. गोल चालते, आणि लेथवर गोलच सोपी. चौकोनी तुकडा फिरत असताना कोपरे टुलावर आपटतात, ठक ठक ठक. कट अगदी हलका घ्यायचा आणि चेहरा त्या रेषेपासून लांब.

(दृश्य : तयार टी नट स्लॉटमध्ये सरकतो. बोटाने माथा चाचपला जातो.)

इथे दोन गोष्टी चुकल्या, तर पोस्ट कधीच घट्ट बसत नाही. पहिली : नटाची मान स्लाइडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली हवी. ती वर आली तर पोस्ट स्लाइडवर न बसता नटावर बसतो, आणि कितीही आवळलं तरी डुलतो.

दुसरी जास्त घातक. स्टड नटाच्या तळातून बाहेर आला, तर तो स्लॉटच्या तळाला टेकतो. मग वरचं नट आवळताना आपण जॅक लावल्यासारखे स्लॉटचे ओठ वर उचलत असतो. स्लाइड बिडाची. बीड दाब भरपूर सोसतं, वाकणं नाही. एक दिवस कट्‌कन आवाज येतो आणि ओठ हातात. काकांचा उपाय जुना आहे : नटाच्या तळाशी शेवटच्या आट्यावर पंचचे दोन-तीन ठोके. आटा दबतो, स्टड तिथेच थांबतो.

पोस्टच्या तळाला निळा रंग लावून ठसा पाहिला. एका कोपऱ्यात बर, म्हणजे धातूची उठलेली कड, होती. तेलाच्या दगडावर चार हात मारल्यावर ठसा कडेकडेने सारखा आला.

(दृश्य : प्लग काढलेला. चकात गोल बार. बार आणि टुलाच्या टोकामध्ये सहा इंची स्टील पट्टी.)

उंची लावायची ही रीत पाहून घ्या. मशीन बंद, प्लग बाहेर. बार आणि टूल यांच्यामध्ये पातळ स्टील पट्टी हलकेच धरायची. पट्टी सरळ उभी राहिली, तर टूल मध्यावर. पट्टीचा माथा आपल्याकडे झुकला, तर टूल खाली आहे. पलीकडे झुकला, तर वर. कार्बाइड टूल असेल तर दाब फार द्यायचा नाही, टोक उडतं. शेवटची खात्री फेसिंग करून : खुंट उरला नाही की नट लॉक.

(दृश्य : डायल गेज होल्डरवर. काका अंगठ्याने दाबतात, काटा हलतो.)

काटा हलतो. काका काही बोलत नाहीत, पण बघतात. नव्या पोस्टवर टूल जुन्यापेक्षा बाहेर आलेलं असतं, स्लाइडच्या मध्यापासून लांब. तेवढी तरफ वाढली. पोस्टला दोष देण्यात अर्थ नाही; सैल आहेत त्या स्लाइडच्या गिब, म्हणजे सरकत्या भागातली फट भरणाऱ्या पट्ट्या. एकेक गिब स्क्रू जरा जरा आवळला, कंपाउंड मागे घेऊन आपल्या बैठकीवर आणली. पुन्हा दाबलं. काटा आता जेमतेम थरथरतो.

मग पार्टिंग. पोस्टची बाजू आधी चकाच्या तोंडाला समांतर, कारण पार्टिंगचं पातं तिरकं गेलं तर खाचेतच अडकतं. २५ चा एमएस बार, वेग कमी, ब्रशने तेल. चिप गुंडाळत बाहेर येते.

काका : "बरंय. पण नर्लिंग, ते पकडीसाठी दाबून उठवायचे दाते, याच्यावर करू नकोस. एका बाजूने ढकलायचं नर्लिंग टूल आहे तुझं, सगळा दाब पाचरेवर येईल."

"मग कशावर करू, काका?"

काका : "जुना टाकलास का? नाही ना? त्याचा स्टड, त्याचा नट, सगळं एका पिशवीत बांधून ठेव. पट्ट्यांसकट."