चवथीच्या आदल्या दिवशीचा डिस्चार्ज

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्त्रियांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : रुग्णगटांची तुलना’. एवढ्या शीर्षकाला फोंड्यात शनिवारी संध्याकाळी इतकी माणसं येतात म्हणजे बाहेर पाऊस असणार, नाहीतर नंतर बटाटवडे. असो.

फार वर्षांपूर्वी आमच्या बैठकीत एका तरुण डॉक्टरनं तक्ता लावला. दुर्बिणीतून, म्हणजे पोटाला बारीक भोकं पाडून, शस्त्रक्रिया झालेल्या बायका पोट उघडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेल्या. टाळ्या पडल्या. मी मात्र तारखा बघत बसलो, खोडच माझी. दुर्बिणीवाल्या बऱ्याच जणी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या पंधरवड्यातल्या! आता गोंयकारांना आणखी काय सांगायचं? चवथीला वॉर्डात थांबतो कोण?

माझ्याच वॉर्डातली सत्तरीची एक बाई. पोट उघडून गर्भाशय काढलेलं, पाचवा दिवस. राउंडला गेलो तर लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन कॉटवर बसलेली. ‘डॉक्टर, नेवऱ्यो कोण तळतलो?’ म्हटलं, जखम अजून ओली आहे. म्हणाली, ‘बसून तळीन.’ नवरा दारात माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांची, यादी घेऊन उभा. सोडली बापडीला. गणपती पोचवून टाके काढायला आली, तेव्हा सोबत नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. त्या मी खाल्ल्या, हे केसपेपरवर नाही.

उलट पेडण्याची एक, दुर्बिणीची, पोटावर चार बारीक भोकं, ठणठणीत. पण मुलगा बोटीवर, घरी पाणी द्यायला कोणी नाही. राहिली दहा दिवस. कागदावर ती ‘उशिरा बरी झालेली’.

माझं म्हणणं एवढंच की कोण कसं बरं झालं हे नंतर मोजा. आधी कोण कुठल्या गटात का गेलं ते विचारा. गाठ लहान, बाई काटक, तर सर्जन दुर्बीण उचलतो. गाठ मोठी, त्यात मधुमेह, तर पोट उघडतो. मग तुलना कशाची झाली, शस्त्रक्रियेची की बायकांची?

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, भराभर. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात जुन्या तुलनांत दोन्ही पद्धती सारख्याच दिसायच्या. मग ६३१ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, म्हणजे कोण कुठल्या गटात हे सर्जननं निवडायचं नाही. २०१८ साली निकाल आला: साडेचार वर्षांनी रोगमुक्त स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६. अनेक सर्जन पुन्हा पोट उघडण्याकडे वळले.

बीजांडकोशाचंही तसंच. पुढच्या टप्प्यातल्या रोगात दिसणारी सगळी गाठ काढल्यावर, चांगल्या दिसणाऱ्या लिम्फ ग्रंथीही काढल्या तर बाई जास्त जगते, असं जुन्या नोंदी सांगत. काढल्या जायच्या त्या सोसतील अशांच्याच ना! २०१९ साली ६४७ जणींच्या चिठ्ठ्यांनी दाखवलं, आयुष्य वाढत नाही, त्रास मात्र वाढतो.

हो, गर्भाशयाच्या अस्तराच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बीण चालते, तिथं चिठ्ठ्या टाकूनच पाहिलंय. तेव्हा कुणाच्या मावशीची तशी झाली असेल तर घाबरून आज रात्री मला फोन करू नका.