अपील टाकलंय, पण स्टे कुठाय?

सगळ्यात आधी हेच सांगून टाकतो, कारण बेळगाव कोर्टाच्या आवारात ह्याच्यावरून लोक भलतंच करून बसतात. फॅमिली कोर्टानं मुलाच्या ताब्याचा निकाल दिला आणि तुम्ही धारवाडला, कर्नाटक हायकोर्टाच्या बेंचकडं, अपील टाकलं, म्हंजे निकाल आपोआप थांबला असं होत नाय. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 41 रूल 5 आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की नुसत्या अपिलानं अंमलबजावणी थांबत नाय. स्टे म्हंजे अपिलापुरता हुकूम थांबवणं, त्याचा अर्ज वेगळा, कारणं वेगळी, आणि तो मंजूर होईपर्यंत खालच्या कोर्टाचा हुकूम चालू. ‘साहेब, अपील टाकलंय की ओ’ म्हणून शनिवारी पोराला पाठवलंच नाय, तर समोरचा दरखास्त, म्हंजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकून मोकळा होतो, आणि पुढं हायकोर्टात स्टे मागायला उभं राहिलं की पहिलं उत्तर त्याचंच द्यावं लागतंय.

मुदत बघा. फॅमिली कोर्ट कायदा 1984, कलम 19, निकालापासून 30 दिवस, आणि अपील दोन न्यायाधीशांच्या बेंचसमोर. हिंदू विवाह कायद्यात 90 दिवस आहेत, त्यावरून वकील वाद घालतात, पण मी म्हणतो तुम्ही 30 च धरा. सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून कॉपीचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. आणि अपील करायच्या आत थोडे दिवस हुकूम थांबवायचा असेल तर ज्या कोर्टानं निकाल दिला त्याच कोर्टाकडं मागता येतंय, हे फार थोड्यांना माहीत असतंय.

हे सगळं अंतिम निकालाचं. केस चालू असतानाच्या अंतरिम हुकुमावर, म्हंजे ‘दर रविवारी भेट’ असल्या हुकुमावर, कलम 19 खाली अपीलच नाय. तिथं बहुतेक वेळा राज्यघटनेच्या कलम 227 ची रिट घेऊन जावं लागतंय. संमतीनं झालेल्या निकालावर पण अपील नाय, सही करताना विचार करा.

आता खरा मुद्दा. समजा, सात वर्षांची मुलगी निपाणीत वडिलांकडं, आजीजवळ वाढलेली, शाळा तिथलीच. निकाल आला, मे संपायच्या आत वडगावला आईकडं द्यायची. वडिलांचा स्टेचा अर्ज मी वाचतो तर त्यात काय? ‘अर्जदाराचं भरून न येणारं नुकसान होईल.’ हे वाक्य पैशाच्या दाव्यातनं उचललेलं, नाव बदललं की झालं. ओ, नुकसान अर्जदाराचं कोण विचारतंय इथं! पालक आणि पाल्य कायद्याचं कलम 17 असो नायतर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 13, शेवटी बघायचं ते मुलाचं हित. मग अर्जात लिहा की शाळेचं वर्ष कुठं मोडतंय, तिला दम्याचा पंप लागतो तो रात्री कोण देतंय, आई कामावर असते तेव्हा घरात कोण असतंय. शाळेचा दाखला, डॉक्टरची चिठ्ठी जोडा. आणि सगळाच हुकूम थांबवा असं मागू नका. ताबा अपिलापर्यंत आहे तिथं राहू दे, पण शनिवार-रविवार आईकडं, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, असं स्वतःहून लिहून द्या. माझ्या मते असल्या अर्जाला वजन येतं, कारण पोरगी आईला तुटत नाय. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात हेच सांगितलंय, ताबा एकाकडं असला तरी दुसऱ्याशी मुलाचा संबंध राहिला पाहिजे, व्हिडिओ कॉलसकट.

दुसऱ्या बाजूनं बघा, आई काय म्हणणार? स्टे मिळाला, अपील दीड-दोन वर्षं बोर्डावर आलंच नाय, आणि मग वडील म्हणणार ‘आता मुलगी इथंच रुळलीय’. हा डाव काही लोक मुद्दाम खेळतात, आम्हा वकिलांना माहीत आहे आणि न्यायाधीशांना तर अजून जास्त. म्हणून आईनं निकाल लागल्याबरोबर धारवाडला कॅव्हेट, म्हंजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, टाकून ठेवायचं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148अ, 90 दिवस चालतंय, म्हंजे तिला न ऐकता सहसा स्टे होत नाय. आणि स्टे झालाच तर अपील लवकर ऐकण्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाकायचा, पुढं बघू म्हणत बसायचं नाय.

सीमेवरच्या लोकांचा आणि एक घोळ असतोय. माहेर चंदगडला, सासर खानापूरला. ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, म्हणून काहीजण विचारतात, तिथनं स्टे आणू का, जवळ पडतंय, मराठीत बोलता येतंय. नाय ओ. निकाल बेळगावचा असेल तर अपील आणि स्टे धारवाडलाच, कोल्हापूर फॅमिली कोर्टाचा असेल तर कोल्हापूरला. तुम्ही राहता कुठं ह्यावर ते ठरत नाय. आणि दोन्हीकडं दोन केसेस चालू असतील तर दोन्ही वकिलांना एकमेकांचे कागद आधी दाखवा, एकाकडनं लपवून दुसरीकडं हुकूम आणलेला कळला की स्टे तर जातोच, वर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावर पण कुणी विश्वास ठेवत नाय.