आधी काउंटी, मग नाव

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत हरवलेला माणूस कसा शोधायचा, हा आजचा विषय. हरवलेला म्हणजे पोलिसांत तक्रार द्यावी तसा नव्हे. वडिलांचे मावसभाऊ १९६८ साली ओहायोला गेले, दहा-बारा वर्षं दिवाळीला पत्र यायचं, मग त्यांनी घर बदललं, इकडे आजी गेली, पत्रं थांबली. तसा हरवलेला. असा एक तरी माणूस बहुतेक घरांत निघतो.

एक वाक्य कागदावर लिहून घ्या. आधी काउंटी, मग नाव. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सगळ्या देशाचं मिळून एकच दप्तर, असं अमेरिकेत नाही. घर घेतलं, लग्न केलं, कोर्टात गेलं, माणूस वारला, तर ते जिथे घडलं तिथल्या कचेरीत त्याचा कागद. म्हणून माणूस कुठे आहे हे विचारत बसू नका. त्याच्या आयुष्यात काय घडलं आणि कुठल्या काउंटीत घडलं, ते विचारा.

आता हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून आपण सगळ्यांना ठाऊक असलेलं एक माणूस शोधू या. आनंदीबाई जोशी. समजा, तुम्हाला एवढंच माहीत आहे की कल्याणची एक मुलगी, जन्म १८६५, डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली. बास. शोधा.

कुणीही काय करेल? जनगणना उघडेल. तिथली जनगणना दर दहा वर्षांनी, शून्यावर संपणाऱ्या साली. १८८०, मग १८९०. आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या जून १८८३ मध्ये आणि परत निघाल्या १८८६ साली. दोन जनगणनांच्या मधल्या फटीत येऊन गेल्या बाई! आणि १८९० ची जनगणना तरी कुठे धड आहे? १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये आग लागली, तीत ती बरीचशी खराब झाली, आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले.

बरं, मग बोटीच्या याद्या. लोक लगेच एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या बेटावर उतरलेल्यांच्या, यादीत नाव घालतात. पण एलिस आयलंडचं ठाणं उघडलं १८९२ साली. १८८३ मध्ये न्यूयॉर्कला येणाऱ्यांचं ठाणं होतं कॅसल गार्डन. चुकीच्या यादीत नाव नाही मिळालं म्हणजे माणूस आलाच नाही, असं होत नाही. हे परत सांगते. यादीत नाव नाही, याचा पहिला अर्थ यादी चुकीची आहे.

पुढे. काही राज्यं मधल्या पाचाच्या साली स्वतःची जनगणना करायची. न्यू जर्सीने १८८५ साली केली होती. आनंदीबाईंना ज्यांनी लेकीसारखं घरात घेतलं त्या थिओडिशिया कार्पेंटर न्यू जर्सीतल्याच, युनियन काउंटीतल्या रोझेल गावच्या. झालं, सापडल्या म्हणता? नाही. तोवर आनंदीबाई शिकायला फिलाडेल्फियात, म्हणजे पेनसिल्व्हेनियात. आणि पेनसिल्व्हेनियाने राज्याची अशी जनगणना कधी केलीच नाही. डेलावेअर नदी ओलांडली आणि कागद संपला.

मग कॉलेज. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. मार्च १८८६ मध्ये त्या तिथून डॉक्टर झाल्या. पण त्या नावाचं कॉलेज आज नाही. अशा वेळी लोक हात टेकतात. टेकू नका. संस्था बंद होते, दुसऱ्या संस्थेत मिसळते, तशी कपाटंही वारसाकडे जातात. या कॉलेजची कागदपत्रं आज फिलाडेल्फियाच्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तिथे १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो आहे, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटोखाली नावं आहेत, पण ती कशी आहेत बघा. जोशी शेवटी आय लावून नाही, दोन ई लावून. अमेरिकेला जाण्याआधी त्या राहायच्या त्या बंगालमधल्या सेरामपूरचं स्पेलिंग असं झालंय की गाव ओळखू येऊ नये. आणि साबातची झाली आहे ताबात.

फोटोवरून आठवलं. आपल्याकडे घरोघरी फोटोंचे गठ्ठे असतात आणि मागे एक अक्षर नसतं. बारशाचा फोटो, चाळीस माणसं, आणि नावं कुणालाच सांगता येत नाहीत. मी म्हणते, फोटोच्या मागे नाव-तारीख न लिहिणाऱ्याला दंड करावा. असो.

तर आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. म्हणजे अमेरिकेत मृत्यूची नोंद असण्याचं कारणच नाही. संपला शोध? इथेच खरी गंमत. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि बाईंनी त्या आपल्या घराण्याच्या दफनजागेत ठेवल्या. कुठे? रोझेलला नाही. फिलाडेल्फियातही नाही. न्यूयॉर्क राज्यात, डचेस काउंटीत, पोकिप्सी गावाच्या रूरल सेमेटरीत. तिसरंच राज्य! आणि अशा जागेची नोंद जमीन ज्यांची त्यांच्या आडनावाखाली असते. दफनभूमीच्या कचेरीत फोन करून नुसतं जोशी, जोशी करत बसलात तर हाती काही लागेलच असं नाही. कुणाच्या जागेत ठेवलं, ते आधी कळायला हवं.

आणखी एक. त्यांचं माहेरचं नाव यमुना. आडनाव माहेरीही जोशी, सासरीही जोशी, पण नाव बदललं. आपल्या बायकांचं लग्नात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदलू शकतात हे अमेरिकन कारकुनाच्या स्वप्नातही नसतं. तेव्हा शोधायला बसण्याआधी पानभर स्पेलिंगं लिहा. वाघ व्हीने आणि डब्ल्यूने, दोन्ही. जुन्या अनुक्रमणिका साउंडेक्स नावाच्या पद्धतीने लावल्या आहेत, सारख्या उच्चारांना सारखा आकडा. एक ई असो की दोन, जोशी तिथे जे-२०० मध्येच येतो. पण पहिलं अक्षर बदललं की साउंडेक्सही हात वर करतो. म्हणून वाघ दोन्हीकडे बघायचा. नाव आणि आडनाव उलटं करूनही बघा. आणि पुरुषांत मधलं अक्षर वडिलांचं, ते तुमच्या कामाचं. चाळीस अनिल कुलकर्णींतला आपला त्यावरून निघतो.

वेळ कमी आहे, तर आता भराभर. शेवटचं पत्र काढा, पाकिटावरचं गाव घ्या आणि काउंटी ठरवा. इथे चूक होते. अटलांटा शहर दोन काउंट्यांत आहे, फुल्टन आणि डीकॅल्ब. बाल्टिमोर शहर आणि बाल्टिमोर काउंटी ही दोन वेगळी दप्तरं. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. कनेटिकटमध्ये काउंटीची कचेरीच नाही, घराचे कागद गावच्या टाउन क्लार्ककडे.

काउंटी ठरली की घर बघा. दोन कचेऱ्या असतात, गल्लत करू नका. असेसर घरपट्टीसाठी किंमत ठरवतो, त्याच्याकडे आजचा मालक. रेकॉर्डर किंवा रजिस्टर ऑफ डीड्स, त्याच्याकडे खरेदीखतं, म्हणजे आधीचे मालकही. खतांची यादी विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने वेगवेगळी असते, दोन्हींत बघा. काकांनी घर विकलं असेल तर ते विकणाऱ्यांच्या यादीत सापडतील. घरपट्टीचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं, तेही बघा. घर भाड्याने दिलं असेल तर माणूस त्या दुसऱ्या पत्त्यावर असतो. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्या मालकाच्या नावाने ऑनलाइन शोधू देत नाहीत, तिथे फोन. आणि घर ट्रस्टच्या नावावर असेल तर 'कुलकर्णी फॅमिली ट्रस्ट' असं शोधा.

काका डॉक्टर असतील तर काम सोपं. प्रत्येक राज्याचं मेडिकल बोर्ड परवानाधारकांची यादी फुकट दाखवतं. इंजिनियर, फार्मसिस्ट, तेही तसंच. धंदा असेल तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट नावाच्या कचेरीत कंपनीची नोंद.

माणूस वारला असेल, तर आपल्यात दहन होतं, थडग्यांच्या याद्यांत नाव बहुधा नसतं. तिथे बघा प्रोबेट कोर्ट, म्हणजे मृत्युपत्राचं कोर्ट. तिथल्या अर्जात वारसांची नावं, नातं आणि पत्ते लिहावे लागतात. जिवंत नातेवाईक सापडायला याहून चांगला कागद नाही. पुन्हा सांगते, प्रोबेट. मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणाऱ्याचंही नाव असतं, पण दाखला सगळ्यांना मिळत नाही. पेनसिल्व्हेनियात पन्नास वर्षांनी खुला होतो, जन्माचा एकशे पाच वर्षांनी. नेटवर पैसे घेऊन पत्ता देणारे आहेत, ते हेच कागद विकतात, बहुधा जुने झालेले. आधी फुकटचं बघा.

पत्ता म्हणून राजधानीतला नुसता पोस्ट बॉक्स दिसला तर जरा थांबा. छळातून सुटलेल्या लोकांना काही राज्यं असा पत्ता देतात. तिथे पुढे खणायचं नाही.

आणि पत्ता मिळाला तर फोन नको, पत्र लिहा. आपण कोण, कुणाचे नातू, कुठल्या गावचे, ते पहिल्याच ओळीत. इंग्रजीत लिहा, कारण पाकीट कदाचित मराठी न वाचणारा नातू उघडेल. सोबत एका जुन्या फोटोची प्रत घाला. मागे नावं लिहून.