एका सेंटचा लेडीबग

अमेरिकेत बागेतलं लग्न असलं की नवरा-नवरीवर आधी तांदूळ टाकायचे, मग फुलांच्या पाकळ्या आल्या, साबणाचे फुगे आले, फुलपाखरं आली, आणि काही लग्नांत आता पाहुण्यांच्या हातात छोटी पाकिटं देतात. इशारा झाला की सगळ्यांनी एकदम उघडायची, आतून जिवंत लेडीबग बाहेर पडतात. आपल्या अक्षतांसारखंच म्हणा, पण या अक्षतांना जीव आहे.

लेडीबग म्हणजे आपला ढालकिडा. लाल पाठ, काळे ठिपके, मावा म्हणजे पिकांचा रस शोषणारे बारीक किडे खातो म्हणून शेतकरी त्याला मित्रकीटक म्हणतात. तिकडे तो अंगावर बसला की शुभ समजतात, नावातली लेडी म्हणजे येशूची आई मेरी. म्हणून लग्नात.

आता खर्च. फुलपाखरं महाग पडतात, एका डझनाला शंभर डॉलरच्या आसपास. आणि लेडीबग? १५०० किड्यांची पिशवी गार्डन स्टोअरमध्ये दहा-वीस डॉलरला मिळते, म्हणजे एक किडा साधारण एका सेंटला. मी हा हिशोब केला तेव्हा थांबलोच, कारण एका सेंटमध्ये कुठलाही जीव वाढवता येत नाही. आपल्याकडे द्राक्षबागेत पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा सोडतात, तो लॅबमध्ये वाढवतात, त्याला खायला घालावं लागतं, जागा लागते, माणसं लागतात. या पिशवीतला किडा कोणी वाढवलेलाच नाहीये. तो डोंगरातून उचलून आणलाय.

हा डोंगर म्हणजे कॅलिफोर्नियातला सिएरा नेवाडा. वसंतात हे किडे खाली सेंट्रल व्हॅलीच्या शेतांमध्ये असतात, मावा खातात, अंडी घालतात, मग मे-जूनमध्ये ऊन वाढतं, मावा संपतो आणि नवी पिढी वाऱ्याबरोबर डोंगराकडे उडते. तिथे थोडे परागकण खाऊन अंगात चरबी साठवायची आणि ओढ्याकाठी, पाइनच्या वाळक्या पाल्यात, ओंडक्यांवर एकमेकांना चिकटून बसायचं. हजारोंनी, कधी लाखोंनी. अख्खा ओंडका लाल दिसतो. जवळजवळ नऊ महिने ते असेच त्या चरबीवर काढतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊब आली की तिथेच जोड्या जमतात आणि परत खाली व्हॅलीत.

आणि ते असे एकत्र बसतात म्हणूनच स्वस्त आहेत. शोधत फिरायला नको, ढीग सापडला की पोत्यात भरायचा. एका गॅलनच्या भांड्यात सत्तर-ऐंशी हजार किडे मावतात. हे आजचं नाही, १९१० च्या सुमारास कॅलिफोर्निया सरकारच खरबुजाच्या शेतकऱ्यांसाठी असे किडे गोळा करून पाठवत होतं, आणि काही वर्षांतच लक्षात आलं की सोडलेले किडे शेतात थांबतच नाहीत, उडून जातात. त्यांच्या अंगात लांब उडायचीच ओढ असते, ती पुरी झाल्याशिवाय ते खायला बसत नाहीत.

तरी धंदा चालू राहिला. डोंगरातून कोल्ड स्टोरेज, तिथून कुरिअर, तिथून लग्नाचा मांडव. दुपारच्या उन्हात सोडले तर दोन मिनिटांत गायब, फोटोग्राफर कॅमेरा वर करेपर्यंत आकाश रिकामं. संध्याकाळी हवा गार असेल, तेरा-चौदा अंशांच्या खाली, तर उडतच नाहीत, गवतावर आणि खुर्च्यांवर चालत राहतात आणि लोकांच्या बुटांखाली येतात. कोणी चिमटीत धरला की घाबरून पायाच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. पांढऱ्या गाऊनवर त्याचा डाग पडतो, पण मला वाईट डागाचं वाटत नाही, ते त्या किड्याचं रक्त असतं आणि ते त्याने शेवटचा उपाय म्हणून सोडलेलं असतं.

अजून एक खर्च आहे जो बिलात येतच नाही. डोंगरातून उचललेल्या या किड्यांमध्ये काही आजारी असतात. काहींच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीची अळी असते, ती आतून वाढते, बाहेर येते आणि त्याच किड्याच्या पायांमध्ये कोष विणते, आणि तो अर्धमेला किडा वर बसून तिची राखण करतो. काहींमध्ये सूक्ष्म परजीवी असतात. पाकिटात भरताना हे कोण तपासणार? लग्न न्यूयॉर्कला असेल तर हे सगळं देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथल्या ढालकिड्यांमध्ये मिसळतं.

तुम्हाला हे किडे खरंच बघायचे असतील तर कॅलिफोर्नियातच ओकलंडजवळ रेडवूड रीजनल पार्क आहे, तिथे ओढ्याकाठच्या वाटेवर हिवाळ्यात ते बसलेले असतात, कुंपणाच्या दांड्यांवर, फर्नवर, खोडांवर. लोक मुलांना घेऊन येतात, हळू बोलतात, पाय जपून टाकतात. फेब्रुवारीत एखाद्या दुपारी ऊन त्या खोडावर येतं, लाल थर हलायला लागतो, आधी एक उडतो, मग दहा, आणि तेवढ्यात खाली व्हॅलीत लसूणघासावर नवा मावा आलेला असतो.