शिंपल्यांचं तोरण

श्रोतेहो, नमस्कार.

त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीला जाऊन आलेल्या नाशिककरांच्या पिशवीत मूठभर शिंपले हमखास असतात. पुढे ते फोटोच्या चौकटीला नाहीतर कुंडीला चिकटवले जातात आणि पावसाळ्यात एकेक करून गळतात. आपण गोंदाला नावं ठेवतो. पण बऱ्याचदा दोष मिठाचा असतो. समुद्राचं मीठ हवेतला ओलावा ओढतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते कळत नाही. आषाढ लागला की शिंपल्यांना ओल सुटते आणि चिकटवलेलं सुटू लागतं.

म्हणून घरी आल्यावर शिंपले दोन दिवस साध्या पाण्यात भिजत घाला, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. वास येत असेल तर थंड पाण्यात घालून मग उकळी आणा, पाच मिनिटं ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. गरम शिंपला गार पाण्यात टाकला की तडकतो. कवड्या उकळू नका, त्यांची चकाकी जाते. व्हिनेगर किंवा लिंबू तर लांबच ठेवा, कारण शिंपला चुन्याचाच असतो आणि आंबटात विरघळतो. घरी तिसऱ्यांचं कालवण झालं असेल तर तेही शिंपले चालतात. हळदीचे डाग उन्हात फिके पडतात.

उचलताना एवढं पाहा: शंखात खेकडा किंवा गोगलगाय असेल तर तो तिथेच राहू द्या. पोवळं, समुद्रघोडा, समुद्रपंखा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर मेलेले सापडले तरी पिशवीत टाकू नका.

आता तोरण. तीन फुटी दाराला तेरा सर, सात सेंटिमीटरच्या अंतराने. दोन्ही कडांच्या सरांत सहा शिंपले, मग आत येताना पाच, चार, तीन आणि मधल्या पाच सरांत दोन-दोन. असं केलं की डोक्याला लागत नाही. एकूण शेहेचाळीस लागतात. साठ हाताशी ठेवा, भोक पाडताना काही फुटणारच.

भोक पाडायला ड्रिल लागत नाही. शिंपल्याचे दोन भाग जिथे जुळतात, तिथलं फुगीर टोक १२० नंबरच्या, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरवर गोल-गोल घासा. टोक झिजलं की आपोआप भोक दिसतं. पेपर सतत ओला ठेवा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. भोक दिसताच थांबा. दोन मिलिमीटरपेक्षा मोठं झालं तर गाठ त्यातून निसटते. मग खाली एक लाकडी मणी बांधावा लागतो. नाशिकच्या मेन रोडवर असे मणी मिळतात.

दोरा जाड पॉलिएस्टरचा घ्या. पतंगाचा साधा दोरा भोकाच्या धारेवर घासून तुटतो आणि मासेमारीच्या नायलॉनची गाठ सुटते. कडेच्या सराला पन्नास सेंटिमीटर, मधल्याला तीस. प्रत्येक शिंपल्याखाली दुहेरी गाठ, दोन गाठींत चार सेंटिमीटर. सर बांबूच्या कामटीला बांधा. पोकळ बाजू सगळ्यांची एकाच दिशेला ठेवली तर दिसायला नीट दिसतं, आणि आम्हाला तेच आवडतं.

चौकटीवर चिकटवायचंच असेल, तर शिंपला फक्त कडेवर टेकतो हे ध्यानात घ्या. पोकळी आधी एमसीलने सपाट भरा, एक दिवस वाळवा, मग दोन नळ्यांचा इपॉक्सी समप्रमाणात मिसळून लावा. फेव्हिकॉल लाकडाला ठीक, काचेवर टिकत नाही.

वॉर्निश नको, पिवळं पडतं. पाऊस संपला की तोरण उतरवून साध्या पाण्यात बुडवा, सावलीत वाळवा आणि झिजलेले सर त्याच वेळी बदलून टाका.

नमस्कार.